अक्रोडाचा दस्ता

९ नोव्हेंबर २००३, रविवार

आज धूर पाहिला. पांढराशुभ्र, जाड, पिंजलेल्या कापसासारखा. दगडखाणीच्या तोंडातून वर आला आणि तिथेच रेंगाळत राहिला. मागोमाग आवाज. सिनेमातल्या बंदुकीसारखा ‘फाट्’ नाही — ‘धम्म’! पोटात ऐकू येतो.

लीड्सबाहेर ओटली गावाच्या पुढच्या माळावर एकटाच चालायला गेलो होतो. शनिवार-रविवार बाहेर पडता येतं. सोमवार ते शुक्रवार नऊ ते पाच ‘फोनवर उपलब्ध राहावे’ असा हुकूम आहे. हॉस्पिटलच्या आवारात पाय ठेवायचा नाही, सहकाऱ्यांशी बोलायचं नाही, लीड्स सोडायचं तर कळवायचं, नागपूरला जायचं तर परवानगी मागायची. पगार चालू! सस्पेंड केलंय असं म्हणायचं नाही. ‘एक्स्क्लूजन’ म्हणायचं. शिक्षा नाही म्हणे ही.

कुंपणापाशी उभा राहिलो. आत सात-आठ माणसं, बहुतेक माझ्याच वयाची, पुढच्या तोंडातून बार भरायच्या जुन्या पद्धतीच्या रायफली घेऊन. एक उंच माणूस जवळ आला. मला वाटलं, हाकलणार. इकडच्या लोकांच्या रामरामासारखं "नाऊ देन" म्हणाला. "थंडीत उभं राहण्यापेक्षा आत या, चहा आहे."

कॉलिन. त्यांच्या नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी, शाळेत भूगोल शिकवायचा, आता रिटायर. मी डॉक्टर म्हटल्यावर कुठे काम करता असं विचारलं नाही. आवाज अडवायला कानांवर लावायची झाकणं दिली आणि चहा दिला. बस्स.

घरी आलो तर कपड्यांना दिवाळीचा वास. सुप्रभा म्हणाली, "फटाके उडवून आलात की काय?"


११ नोव्हेंबर, मंगळवार

फोन वाजला नाही.


२३ नोव्हेंबर, रविवार

आज मी एक बार काढला! कॉलिनची रायफल. दारू मोजून नळीत ओतायची, वर शिशाची गोळी, गजाने अलगद खाली बसवायची, मागे ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी लावायची. मग आडवं पडून नेम. एका वेळी एकच. चुकलं तर दुसरी लगेच नाही — पुन्हा सगळं पहिल्यापासून. घाई करणाऱ्याचा हा खेळच नाही.

धुरामुळे आपण काय केलं ते काही क्षण दिसतच नाही. थांबावं लागतं. मग दुर्बिणीतून बघायचं.

गोळी कागदावरच लागली नाही. तरी किती बरं वाटलं! हातांना काहीतरी नीट करायला मिळालं. जूनपासून या हातांनी गवत कापलंय आणि भांडी विसळलीत. त्याआधी आठवड्याला सहा खुबे बदलत होतो.

ते सगळं एकदा इथे लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. तीन नंबरच्या थिएटरची हवा बरोबर नव्हती. माझ्या आणि इतरांच्याही पेशंटांना इन्फेक्शन होत होतं. मी म्हटलं, फिल्टर तपासा, तोवर तिथली ऑपरेशनं थांबवा. तोंडी म्हटलं, मग लेखी दिलं. महिन्याभरात तक्रार माझ्याविरुद्धच — ‘वागणूक.’ म्हणे मी थिएटरच्या स्टाफवर ओरडतो. चौकशी होईपर्यंत घरी बसा. चौकशी कधी? ‘इन ड्यू कोर्स.’ म्हणजे यथावकाश.


७ डिसेंबर, रविवार

क्लबचा प्रोबेशनरी मेंबर झालो. तीन महिने शिकायचं, मग रायफल बाळगायच्या सर्टिफिकेटसाठी पोलिसांकडे अर्ज.

कोणती रायफल घ्यावी यावर आज क्लबच्या झोपडीत मोठी चर्चा. कॉलिन म्हणाला, "इटलीची नवी नक्कल घे, दुसऱ्या दिवसापासून मारायला लाग." दुसरा एक जण म्हणाला की घ्यायची तर अस्सल व्हिक्टोरियन, दीडशे वर्षं जुनी, लाकडाला हात लावला की कळतं. मी दोन्ही हातांत घेऊन पाहिल्या. इटालियन चांगली, पण माझ्या खांद्याला लांब पडते, गाल लाकडावर बसत नाही. जुनी फारच सुंदर. पण तिची नळी आतून झिजलेली. आणि दुसऱ्या कुणीतरी आपल्या मापाने केलेली.

मी म्हटलं, बनवता येईल का? सगळ्यांनी कॉलिनकडे पाहिलं. मग कॉलिन म्हणाला, "येईल की. पण वेळ खूप जातो."

हसूच आलं मला. वेळ!


२५ डिसेंबर

सुयश लंडनमधल्या हॅरोहून आलाय. बँकेत काम, केस विरळ व्हायला लागलेत — सत्ताविसाव्या वर्षी! दुपारी सुप्रभा स्वयंपाकघरात असताना मला म्हणाला, "बाबा, आई फार बारीक झाला आहे."

"झाली आहे," मी म्हटलं.

"येस, झाली. ती काही खात नाही का?"

मी म्हटलं, तिचं सगळं माझ्या काळजीने चाललंय, चौकशी संपली की होईल ठीक. मग त्याला रायफलीची चित्रं दाखवली. त्याने बराच वेळ पाहिली. "हा घरी ठेवणार तू?"

"ही. रायफल ही असते."

जेवताना सुप्रभाला कळलं. ताटावरून उठलीच. "घरात बंदूक नको. सांगून ठेवते. बाकी काय करायचं ते करा." सुयश माझ्याकडे बघत राहिला. जणू मी कसला पेशंट आहे!


११ जानेवारी २००४, रविवार

लाकूड मिळालं. हेरफर्डशायरमधल्या एका बागेतलं अक्रोडाचं झाड, वादळात पडलेलं. त्याची फळी आठ वर्षं सुकवलेली. भुऱ्या रंगात काळ्या रेषा, मनगटाच्या जागी, म्हणजे जिथे मूठ धरतात तिथे, रेषा बरोबर वळतात — तिथेच रायफल मोडते, म्हणून तिथे धागा सरळ हवा. हाडासारखंच. मांडीच्या हाडाच्या मानेवर जसा भार येतो, तसाच इथे.

कायदा गमतीचा आहे. नळी म्हणजे बंदूक. लाकूड म्हणजे नुसतं लाकूड, घोड्याची यंत्रणा म्हणजे नुसतं लोखंड. तेव्हा दस्ता, म्हणजे रायफलीचा लाकडी भाग, मी गॅरेजमध्ये कोरू शकतो, पण नळीला हात कॉलिनच्या देखतच लावायचा, कारण ती त्याच्या सर्टिफिकेटवर आहे. नळी बर्मिंगहॅमच्या एका कारागिराकडून येणार. मार्चमध्ये, म्हणाला.

गॅरेजमध्ये एक वायर ओढून फोनचं एक्स्टेन्शन घेतलं. उपलब्ध राहायला हवं ना!


१९ जानेवारी, सोमवार

फोन आला! हात धुळीने भरलेले, तसाच उचलला. दुहेरी काचांच्या खिडक्या हव्यात का म्हणून विचारत होते.


१ फेब्रुवारी, रविवार

कमलाकरकडे गेलो. लीड्समधला माझा सर्वांत जुना मित्र — दुसऱ्या हॉस्पिटलात मुलांचा डॉक्टर, आम्ही एकाच वर्षी या देशात आलो. पोलिसांच्या अर्जाला दोन ओळखीची माणसं लागतात. शेजारच्या मिसेस हार्टलीने लगेच हो म्हटलं. कमलाकरने चष्मा काढला, पुसला.

"मुरली, घरात हत्यार आणायची ही वेळ आहे का रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं जे काय चाललंय…"

"स्पष्ट बोल. मी स्वतःला गोळी घालीन असं वाटतं तुला?"

अरुणावहिनी चहा घेऊन येत होत्या, दारातच थांबल्या. कमलाकरने चष्मा पुन्हा लावला. मी उठलो. कोट घालताना त्याने दंड धरला. "देतो बाबा सही. पण तुला विचारणारं कुणीतरी पाहिजे ना? मी विचारलं."

इथे खरं लिहितो, इथे कोण वाचतंय? मला मरायचं नाही. तो विचारही नाही. मला काम हवंय! सकाळी साडेसातला कोणीतरी म्हणायला हवं, "मिस्टर जहागीरदार, पहिला पेशंट तयार आहे." तेवढंच.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र. चौकशीच्या पॅनेलची तारीख एप्रिल. चला, तारीख तरी आली.

सुप्रभाला सांगितलं. "हं," म्हणाली. खिडकीबाहेर बघत होती. लायब्ररीतली तिची नोकरी ती गेल्या सप्टेंबरात सोडून बसली — कुणीतरी काउंटरवर माझ्याबद्दल विचारलं म्हणे. मी सोड म्हटलं नव्हतं. आता दोघंही दिवसभर घरात. एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत ती. जिन्यावर भेटतो. ती माझ्यावर नजर ठेवते, हे मला कळतं. गॅरेजमध्ये अर्धा तास आवाज झाला नाही तर दार उघडून बघते.


७ मार्च, रविवार

नळी आली! अष्टकोनी सुरुवात, पुढे गोल, आतून सहा पन्हळी. प्रकाशाकडे धरून कॉलिनने आतून पाहायला दिलं — चकचकीत बोगदा, भिंती फिरत फिरत दूर जातात. कॅलिबर पॉइंट चार-पाच-एक. लांब पल्ल्याची.

आता खरं काम. लाकडात नळीसाठी खाच करायची, आणि ती अशी, की कागदही मध्ये सरकू नये. पद्धत सोपी पण मरणाची सावकाश: नळीला काजळी फासायची, खाचेत दाबायची, उचलायची. जिथे लाकूड काळं झालं तिथे ते टेकतंय. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी. पुन्हा दाबायची.

कॉलिनकडे त्यासाठी डबीत काळा रंग आहे, तेलकट, हाताला चिकटतो. मी म्हटलं, थांब, याहून चांगलं आणतो.


१३ मार्च, शनिवार

देव्हाऱ्यातलं निरांजन घेतलं, वर तांब्याची ताटली पालथी धरली. सुप्रभा आली. आता ओरडणार म्हणून मी तयार! पण ती बाजूला बसली. "इतकं जवळ नका धरू, विझेल. दोन बोटं वर." तिनेच धरली ताटली. सुयश लहान असताना ती अशीच काजळ धरायची — हेडिंग्लीच्या त्या एका खोलीच्या घरात, हीटर बंद करून, वाऱ्याने ज्योत हलू नये म्हणून.

ताटलीवर मखमल जमली. तिने बोटाने थोडी काढली, बघितली. "बंदुकीला काजळ!" म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली.

मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, "सुप्रभा, रायफलीचं कपाट पोलादी असतं, भिंतीत बोल्ट करून. कशाची भीती वाटते तुला?"

तिने ताटली खाली ठेवली. "तुम्हाला नाही कळायचं," म्हणाली आणि गेली.

कळतं मला! ती आणि कमलाकर, दोघांनाही एकच वाटतंय. माझा आता माझ्याच घरात कुणाला भरवसा नाही.


२१ मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली नाही. सुप्रभा म्हणाली, डोकं दुखतंय. मंडळाच्या कार्यक्रमालाही नको म्हणाली. लोक विचारतात, हे खरं. मी क्लबवर गेलो. खाच निम्मी झाली.


८ एप्रिल, गुरुवार

पॅनेल पुढे ढकललं. एक सदस्य आजारी. नवी तारीख कळवू. इन ड्यू कोर्स!

पटाशी भिंतीवर फेकली. मग उचलली, धार लावली. अर्धा तास धारच लावत बसलो.

माझ्या सॉलिसिटर बाई फोनवर म्हणाल्या, "धीर धरा, डॉक्टर. केस तुमच्या बाजूची आहे." केस माझ्या बाजूची आहे आणि मी गॅरेजच्या बाजूचा. कुणी मारत नाही, कुणी ओरडत नाही, पगार वेळेवर जमा होतो. कुलूप कुठे आहे तेच दिसत नाही, मग तोडायचं काय?


१३ मे, गुरुवार

पोलिसांतर्फे लायसन्सचे प्रेस्टन म्हणून गृहस्थ येऊन गेले. पन्नाशीचे, शांत, बूट दाराबाहेर काढले! कपाटाची जागा पाहिली, भिंत ठोकून पाहिली. हॉस्पिटलचं मी आपण होऊन सांगितलं. झोप लागते का, औषधं घेता का, पितो किती — सगळं विचारलं. मी खरं सांगितलं.

मग म्हणाले, "मिसेस जहागीरदारांशी जरा एकट्याने बोलतो."

संपलं, असं वाटलं. मी गॅरेजमध्ये जाऊन दस्त्यावर हात फिरवत उभा राहिलो. चार महिन्यांचं काम! ती सांगणार, नको म्हणून, आणि तिथेच सगळं थांबणार.

दहा मिनिटांनी प्रेस्टन बाहेर आले. हात पुढे केला. "तुमच्या मिसेसची काही हरकत नाही. उलट म्हणाल्या, या कामाने तुम्हाला सावरलंय. एक लक्षात ठेवा — किल्लीची जागा फक्त तुम्हाला माहीत हवी. बायकोलासुद्धा नाही. कायदाच आहे तसा."

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "हो कसं म्हणालीस?"

"तुम्हाला हवी होती ना?" ती भाजी चिरत होती. "असू दे. आणा."

किती शांतपणे म्हणाली! मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. लाज वाटली मला — इतके दिवस तिला पहारेकरी समजत होतो.


१४ मे, शुक्रवार

सुप्रभाची पेटी — हार्मोनियम — संध्याकाळी अरुणावहिनींना देऊन आलो. तिनेच सांगितलं. "मी काही वाजवत नाही आता, त्यांच्या नातीला होईल." वरच्या खोलीतली कपाटंही आवरलीत तिने. रेशमी साड्या घड्या घालून, नावं लिहून पिशव्यांत. घर कसं हलकं वाटतंय. तिचा मूड बराच सुधारलाय.


६ जून, रविवार

नळी बसली. पूर्ण! कॉलिनने लाकूड उलटं धरलं, नळी पडली नाही. त्याने टोपी काढली. झोपडीतले सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी — ऑपरेशन झाल्यावर कधी आलं नव्हतं.


१९ जून, शनिवार

जवसाचं तेल. तळव्याने रोज थोडं थोडं जिरवायचं, तळवा गरम होईपर्यंत. अक्रोडाच्या रेषा आतून वर येतात, ओल्या मातीसारख्या. गॅरेजभर वास — आजोळी पुलगावला जवसाची चटणी कुटायचे, तो.

दुपारी सामान आणायला गेलेली सुप्रभा बराच वेळ आली नाही. बाहेर येऊन बघतो तर गाडी दारातच उभी, ती आत बसलेली. इंजिन बंद. मागच्या सीटवर पिशव्या, आइस्क्रीम वितळून गळतंय.

"काय झालं?"

"काही नाही. बसले होते."

"किती वेळ?"

"आत येतच होते मी." तिने पिशव्या उचलल्या.

उन्हं होती आज. लागलं असेल.


११ जुलै, रविवार

बर्मिंगहॅमहून प्रूफ होऊन आली. दुप्पट-तिप्पट दारू भरून उडवून बघतात, तडा गेला नाही तर नळीवर शिक्का मारतात. शिक्का बारीक, तलवारींची फुली आणि वर मुकुट. मी अंगठा फिरवत राहिलो त्यावर. तिला कुणीतरी तपासलं. निकाल एका दिवसात!


१८ जुलै, रविवार

पहिला बार.

आडवा पडलो. गाल लाकडावर बसला — माझ्याच गालाच्या मापाची ती, बसणारच. श्वास अर्धा सोडला. घोडा कधी सुटला कळलंही नाही. धम्म! धूर. थांबलो. धूर सावकाश उजवीकडे गेला.

"घड्याळातल्या दोनच्या जागी, बाहेरचं वर्तुळ," कॉलिन दुर्बिणीतून म्हणाला. नेम धरायची मागची पट्टी थोडी सरकवली. पाचव्या बाराला तो म्हणाला, "डॉक, तू स्वतःच येऊन बघ."

मधोमध.

घरी येऊन सुप्रभाला सांगितलं, अगदी लहान पोरासारखं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "चला. तुमचं एक काम तरी पुरं झालं."


१२ ऑगस्ट, गुरुवार

सर्टिफिकेट आलं! आणि त्याच पोस्टात दुसरं पत्र: पॅनेल २ सप्टेंबरला, नक्की. दोन्ही लिफाफे हातात घेऊन हॉलमध्ये उभा होतो.

सुतार येऊन कपाट बसवून गेला. जिन्याखाली, विटांच्या भिंतीत. रिकामंच आहे अजून.


१५ ऑगस्ट, रविवार

सुप्रभाने विचारलं, किल्ली कुठे ठेवणार. मी म्हटलं, ते सांगता येत नाही, प्रेस्टनने बजावलंय. म्हटलं, "काळजी करू नकोस, मी ठीक आहे. खरंच ठीक आहे."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही ठीक आहात."

पॅनेलची तयारी करायची म्हणून रायफल अजून कॉलिनकडेच ठेवली आहे. निकाल लागल्यावर घेऊन येईन — एकदम!


२ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर बाहेर कॉरिडॉरमध्ये. कोट घट्ट झालाय. मग आत बोलावलं. थिएटरची हवा, तारखा, पेशंटांची नावं न घेता केसेस — सगळं सांगितलं. एकदाही आवाज चढवला नाही. तिथली एक नर्स माझ्या बाजूने बोलली. तिला बोलायला परवानगी मिळाली, हेच नवल.


३ सप्टेंबर, शुक्रवार

तक्रार फेटाळली! पूर्ण फेटाळली. तीन नंबरच्या थिएटरची चौकशी करण्याचे आदेश. आणि — सोमवारपासून कामावर!

सॉलिसिटर बाईंनी फोनवर वाचून दाखवलं. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं.

सुयशला फोन केला. तो ओरडलाच. कमलाकर आणि वहिनी पेढे घेऊन आले. कमलाकर मिठी मारून म्हणाला, "सुटलास रे, मुरली." सुटलो! या घरातून, या जिन्यावरून, त्या फोनच्या वायरीतून सुटलो! सोमवारी साडेसातला हात धुवायला उभा असेन. अकरा जणांनी फोन केले असतील. सगळ्यांशी बोललो.

सुप्रभा सगळ्यांना चहा देत होती. तिच्या हातून थोडा चहा सांडला. वहिनी म्हणाल्या, आनंदाने. तिने माझा पांढरा शर्ट इस्त्री करून दारामागे लावलाय.

परवा रविवारी क्लबवर जाऊन रायफल घरी आणतो.


५ सप्टेंबर, रविवार

निघालो होतो. गाडीची चावी हातात. सुप्रभा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, अजून रात्रीच्याच कपड्यांत.

"आणू नका ती."

मी म्हटलं, आता कसली भीती? आता तर मी सुटलो. मी स्वतःला काही करणार नाही, शपथ घेऊ का?

"तुमची भीती कधीच नव्हती हो," ती म्हणाली. "माझी आहे. तुम्ही घरात होता, दार उघडलं की दिसायचात, म्हणून वर्ष निघालं. उद्या तुम्ही जाल. मी आणि ते कपाट."

केव्हापासून, विचारलं. मला घरी बसवल्याचं पत्र आलं त्याच्याही आधीपासून, म्हणाली.

शेजारी पायरीवर बसलो. तिचा हात थंडगार होता, धरून बसलो. कॉलिनला फोन करून सांगितलं, रायफल तुझ्याकडेच राहू दे. ड्यूटीवरच्या डॉक्टर बाई दुपारी येताहेत. सुयश निघालाय.

मग हॉस्पिटलला फोन केला. म्हटलं, जहागीरदार बोलतोय. उद्या मी येत नाही.